रंग उडालेल्या तबकडीचे मोल

जुनी घड्याळे जमवणाऱ्याची पहिली खरेदी आणि दहावी खरेदी शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच माणसाने निवडली, हे खरे वाटणार नाही. मी हा छंद नागपुरात बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे सीताबर्डी-इतवारीतल्या दुकानांत हे पुष्कळदा पाहिले आहे.

नवशिक्याला आधी चकाकी भुलवते. घड्याळ एचएमटीचे 'जनता' किंवा 'पायलट', पण तबकडी हिरवीगार, नाही तर केशरी! मूळ तबकडी खराब झाली की ती खरवडून तिच्यावर नवा रंग चढवतात, अक्षरेही नव्याने छापतात. दिसायला देखणे आणि खिशाला परवडणारे. हळूहळू नजर तयार होते. भिंगाखाली अक्षरे जाडीभरडी दिसतात, मिनिटांच्या रेघा वाकड्या. मग तोच माणूस पिवळी पडलेली, पण कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली तबकडी शोधत हिंडतो. देवनागरी अंकांचे मूळ 'जनता' हाती लागले तर त्याची दिवाळीच!

आवड बदलायला काळही कारण होतो. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढे स्वयंचलित 'कांचन' लग्नात जावयाला देण्याची टूम निघाली. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली आणि रोज चावी द्यायची घड्याळे कपाटात गेली. कित्येक मोडीतही निघाली. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा कपाटे पुन्हा उघडली गेली. आकाराचेही असेच. मध्यंतरी मनगटभर घड्याळांची फॅशन होती, तेव्हा साधारण ३५ मिलिमीटरचे 'जनता' पोरकट वाटे. आता तोच आकार नेमका वाटतो.

मंडळी, मला धास्ती आहे ती या मधल्या काळाची. वडिलांचे घड्याळ सापडले की मुले हौसेने दुकानात नेतात आणि म्हणतात, "अगदी नवे करून द्या." घड्याळजी बिचारा सांगितले ते करतो. यंत्र जरूर साफ करून घ्या, तेल घालून घ्या, काच-पट्टा बदला. पण तबकडी एकदा खरवडली की मूळ छपाई गेली ती गेलीच. म्हणून घड्याळ दुरुस्तीला देताना 'तबकडीला हात लावू नये' एवढे स्पष्ट सांगा; जमल्यास पावतीवरच लिहून घ्या.