काढता न येणारं पायताण

मधुमेहानं तळपायाला पडलेली जखम भरण्याचा उपाय कसा सापडला, याचा मागोवा कुष्ठरोगाच्या दवाखान्यापासूनच घ्यावा लागतो. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या ध्यानात आलं, की कुष्ठरुग्णाचा पाय नुसता रोगानं झडत नाही. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजतो. भार उतरवला की जखम भरते. गुडघ्यापर्यंतचं प्लास्टर आणि मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल भारतातल्या या कामात रुळली. १९६६ नंतर ब्रँड अमेरिकेत गेले आणि प्लास्टर तिथल्या मधुमेहींच्या पायात चढलं. शुगरच्या रुग्णाचा चवडा उलटून पाहा: घट्ट्याची पिवळट कडा, मधोमध खोल खड्डा आणि वेदना मुळीच नाही. अशा उघड्या जखमेला आपण मऊ चप्पल देतो, तिथेच चुकतं. ती चप्पल पुढची जखम टाळण्यासाठी आहे.

२००१ साली संशोधक आर्मस्ट्राँग यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत १२ आठवड्यांत प्लास्टरखाली सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, काढता येणाऱ्या बुटात ६५ टक्के. बूट भार कमी उतरवत होता म्हणून नव्हे. २००३ मध्ये मोजलं तेव्हा रुग्ण जेमतेम २८ टक्के पावलं तो घालून टाकत होते. २००५ मध्ये तसाच बूट पट्टीनं गुंडाळून पक्का केला, तर ८३ टक्के जखमा भरल्या. मोकळ्या बुटात ५२. मग आपल्या छत्रपती संभाजीनगरात काय होत असेल? इथे पायताण उंबऱ्याबाहेर राहतं. स्वयंपाकघर, देवघर, न्हाणी सगळं अनवाणी, आणि श्रावणात खुलताबादच्या भद्रा मारुतीची पायी वारी.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पायाला प्लास्टर सोसवत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण तो त्रास काही आठवड्यांचा, तोडलेला पाय जन्माचा. आत पू झाला तर कळणार नाही, हीही भीती रास्त. म्हणूनच जंतुसंसर्ग बळावलेल्या किंवा रक्तपुरवठा खुंटलेल्या पायाला प्लास्टर घालत नाहीत, आणि इतरांचं ठरावीक दिवसांनी उघडून पाहतात. खर्चाचं म्हणाल, तर प्लास्टरची पट्टी हाड मोडल्यावर लागते तीच. खरी उणीव ती नीट घालणाऱ्या हातांची आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही चवड्याखालच्या बधिर जखमेला पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, न निघणाऱ्या साधनालाच आहे. घरात कुणाच्या तळव्याला अशी जखम असेल, तर मलमाची चिठ्ठी घेऊन परतू नका. भार कशानं उतरवणार, हे डॉक्टरांना विचारा.