करूळ घाटाचा चढ आणि पेट्रोलचा हिशोब

मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १०० रुपयांपुढे गेले. भाव चढले की माणसे सहल पुढे ढकलतात. पण पेट्रोल नेमके कशात खर्ची पडते हे पाहिले, तर बचत कुठे करायची ते कळते.

विजयदुर्गहून कोल्हापूरला तळेरे, वैभववाडीमार्गे जाताना करूळ घाट चढून गगनबावडा गाठावा लागतो. हा चढ ६०० मीटरचा धरू. मोटार ९६० किलोची आणि आत ६० किलोची चार माणसे; एकूण १२०० किलो. हे वजन वर न्यायला १२०० × १० × ६००, म्हणजे ७२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३.२ कोटी ज्यूल असतात. पण इंजिन त्यातली जेमतेम पाव, म्हणजे ८० लाख ज्यूल, कामी लावते. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तेव्हा नुसत्या चढाला ०.९ लिटर, म्हणजे माणशी पाव लिटरहून कमी पेट्रोल लागले. हवेचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच.

आता मोटारीत एकटा चालकच आहे असे समजा. वजन १०२० किलो, पेट्रोल पाऊण लिटर, आणि ते सगळे एकाच्याच वाट्याचे!

रिकामी एसटी दहा टनांची धरली, तर चाळीस उतारूंसह तिचे वजन माणशी ३१० किलो पडते. भरलेल्या मोटारीचे पडते ३००. म्हणजे वाहन कोणते यापेक्षा त्यातल्या किती जागा भरल्या, हे महत्त्वाचे.

एसटीत दहाच उतारू असतील तर? हा हिशोब विद्यार्थ्यांकडून करून घ्या. उत्तर एकट्याच्या मोटारीच्या जवळपास येते.