आत एकच, बाहेर वेगळे

इंटरटन ही जर्मनीतली मूळची श्रवणयंत्रं बनवणारी कंपनी. १९७८ साली तिने ‘व्हीसी ४०००’ हा घरगुती गेम कन्सोल बाजारात आणला. आधीच्या ‘पाँग’छाप खेळण्यांत खेळ चिपमध्येच कायमचे कोरलेले असत. इथे मात्र कार्ट्रिज बदललं की नवा खेळ. आत सिग्नेटिक्सचा ८-बिट २६५० प्रोसेसर आणि पडद्यावरचं चित्र सांभाळणारी २६३६ चिप. या चिपला एका वेळी चारच हलत्या आकृत्या येत, प्रत्येक जेमतेम ८ बाय १० ठिपक्यांची. प्रोग्रामरच्या हाताशी मोकळी स्मृती अवघी ३७ बाइट. एवढ्यात चेंडू, खेळाडू, गुण, वेळ सगळं बसवणाऱ्यांचं कसब खरोखर थक्क करणारं आहे.

हीच रचना ब्रिटनमध्ये रॅडोफिन १२९२ आणि ॲसिट्रॉनिक एमपीयू-१००० या नावांनी विकली गेली. हॅनिमेक्सनेही तिच्या आवृत्त्या काढल्या. सगळ्यांना खेळाचा कोड एकच चाले, पण कार्ट्रिजचा आकार आणि पिनांची मांडणी सगळीकडे सारखी नव्हती. त्यामुळे शेजाऱ्याकडचं कार्ट्रिज आपल्या कन्सोलमध्ये बसेलच असं नाही. ग्राहकाची ही अडवणूक टाळता आली असती, असंच वाटत राहतं.

‘एलेक्टर’ या मूळच्या डच मासिकाने १९७९ साली याच २६५० आणि २६३६ चिपा वापरून टीव्ही-गेम संगणकाचा आराखडा छापला. हौशी वाचकांनी घरीच डाग देऊन तो जोडला. खेळ साठवायला साधी ऑडिओ कॅसेट पुरे.