युतीचे मंत्रिमंडळ: ऐकीव हिशेब आणि खरा हिशेब

१९९५ पासून महाराष्ट्रात एकाही पक्षाला विधानसभेत एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेले नाही. म्हणजे तीस वर्षे आपण युती आणि आघाड्यांचीच सरकारे पाहतो आहोत. तरीही शपथविधी जवळ आला की पारावर, लोकलमध्ये आणि टीव्हीवरही त्याच चुकीच्या समजुती फिरू लागतात.

पहिली समजूत अशी की, मित्रपक्षाचा कुणी रुसला तर आणखी एक खुर्ची वाढवली की झाले. पूर्वी हे खरेच चालायचे. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंहांनी तब्बल ९३ जणांचे मंत्रिमंडळ केले होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने त्याला लगाम घातला. विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नेमता येत नाहीत आणि त्या आकड्यात मुख्यमंत्रीही मोजावा लागतो. महाराष्ट्राच्या २८८ जागांचे १५ टक्के ४३.२ होतात, म्हणून कमाल ४३. विधान परिषदेचे ७८ सदस्य यात धरत नाहीत. राज्यमंत्री मात्र धरतात, तेव्हा ‘कॅबिनेट भरले, आता चार राज्यमंत्री करू’ ही पळवाटही बंद आहे. प्रत्येक राज्यात किमान १२ मंत्री असावेत अशीही तरतूद आहे; ती छोट्या राज्यांच्या कामी येते. गोव्यात ४० आमदारांचे १५ टक्के काढले तर सहाच येतात, पण तिथे १२ मंत्री होऊ शकतात.

मंत्रिमंडळ भरल्याशिवाय निर्णय घेता येत नाहीत, हेही तितकेच चूक. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली आणि ९ ऑगस्टपर्यंत राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचेच होते. किमान १२ च्या नियमावर बोट ठेवून विरोधकांनी टीकेची झोड उठवली, तरी औरंगाबादच्या नामांतराचा ठराव याच दोघांच्या बैठकीत झाला.

आता वाटपाकडे येऊ. जितके आमदार तितक्या प्रमाणात मंत्री, असे लोक धरून चालतात. डिसेंबर २०२४ चे आकडे पाहा. भाजपचे १३२ आमदार आणि मुख्यमंत्र्यांसह २० मंत्री. शिवसेनेचे ५७ आणि १२. राष्ट्रवादीचे ४१ आणि १०. भाजपला साडेसहा आमदारांमागे एक मंत्रिपद पडले, राष्ट्रवादीला चारांमागे एक. लहान भागीदाराला प्रमाणापेक्षा जास्त देऊनच युती टिकते, आणि मोठा भाऊ त्याची भरपाई दुसरीकडून करून घेतो. २०१९ च्या महाविकास आघाडीत तर मुख्यमंत्री शिवसेनेचा, पण मंत्री राष्ट्रवादीचे जास्त: राष्ट्रवादी १६, शिवसेना १५, काँग्रेस १२. शिवसेनेच्या १५ मध्येही तिघे अपक्ष आणि छोट्या पक्षांचे होते. काँग्रेसच्या पारड्यात विधानसभेचे अध्यक्षपद टाकले गेले. अध्यक्ष मंत्रिमंडळात नसतो, पण वाटाघाटीच्या कागदावर तो असतोच.

सर्वांत मोठा पक्ष तोच मुख्यमंत्री, हा नियमही कुठे लिहिलेला नाही. २००४ मध्ये राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार होते. मुख्यमंत्री मात्र काँग्रेसचे विलासराव देशमुख झाले. २०२२ मध्ये भाजपकडे शंभराहून अधिक आमदार असताना मुख्यमंत्रिपद शिंदे यांच्याकडे गेले.

उपमुख्यमंत्रिपदाबद्दल थोडक्यात सांगायचे तर राज्यघटनेत हे पदच नाही. कायद्याच्या दृष्टीने उपमुख्यमंत्री हा इतरांसारखाच एक मंत्री. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदाविरुद्धची याचिका फेटाळली ती याच कारणाने: वेगळे नाव दिले म्हणून वेगळा अधिकार मिळत नाही, मग घटनाभंग कसला? महाराष्ट्रात हे पद आले तेही आघाडीबरोबरच, १९७८ मध्ये. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री.

मला सर्वांत जास्त खटकते ती समजूत गृहखात्याची. ‘गृह नेहमी मुख्यमंत्र्यांकडेच असते’ असे मोठमोठे विश्लेषकही सहज बोलून जातात. आपला इतिहास नेमका उलटा आहे. १९९५ मध्ये शिवसेनेचे मनोहर जोशी मुख्यमंत्री, गृह भाजपच्या गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. १९९९ मध्ये काँग्रेसचे विलासराव मुख्यमंत्री, गृह राष्ट्रवादीच्या छगन भुजबळ यांच्याकडे. पुढे आर. आर. पाटील, जयंत पाटील, पुन्हा आर. आर. पाटील. राष्ट्रवादीने पंधरा वर्षे मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहू दिले, पण गृह आणि अर्थ हातचे सोडले नाही. २०१९ मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, तेव्हा खातेवाटपात गृह अनिल देशमुख यांना मिळाले. २०२२ मध्ये शिंदे मुख्यमंत्री, गृह फडणवीस यांच्याकडे. मुख्यमंत्री असताना गृह स्वतःकडे ठेवणारे फडणवीस, २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, हे आघाड्यांच्या काळातला अपवाद आहेत.

गृहखात्याचा हट्ट किती महागात पडतो ते २०२४ मध्ये दिसले. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन सुरू झाले. मंत्री सभागृहात बसले, पण एकालाही खाते नव्हते. खातेवाटप जाहीर झाले ते २१ डिसेंबरच्या रात्री, अधिवेशन आटोपल्यावर. मधल्या काळात गृहखात्यासाठी शिवसेनेचा आग्रह कुणापासून लपलेला नव्हता. शेवटी शिंदे यांच्याकडे नगरविकास आणि गृहनिर्माण, अजित पवार यांच्याकडे अर्थ आणि उत्पादन शुल्क, तर गृह आणि ऊर्जा फडणवीस यांच्याकडे राहिली.

मित्रपक्षाचे मंत्री त्यांचा नेता ठरवतो, मुख्यमंत्र्यांचा संबंध नाही, असेही म्हणतात. व्यवहारात नावे नेताच पाठवतो. पण राज्यपाल मंत्री नेमतात ते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने, आणि खातेवाटपाच्या यादीवरही मुख्यमंत्र्यांचेच नाव असते. एकदा निर्णय झाला की जबाबदारी सामूहिक असते. ‘तो त्यांच्या खात्याचा निर्णय, आमच्या पक्षाचा नाही’ हे मंत्र्याने सभेत म्हटले तरी विधानसभेत त्याला अर्थ नाही.

खातेवाटप झाले की सगळे मिटले, असे मात्र समजू नये. खरी रस्सीखेच नंतर पालकमंत्रिपदावरून होते. हे पदही घटनेत नाही, पण पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा त्या समितीतून जातो. १८ जानेवारी २०२५ ला पालकमंत्र्यांची यादी निघाली; रायगड आदिती तटकरे यांच्याकडे, नाशिक गिरीश महाजन यांच्याकडे. रायगडवर शिवसेनेच्या भरत गोगावले यांचाही दावा होता. दुसऱ्याच रात्री दोन्ही नेमणुकांना स्थगिती मिळाली. गावचा रस्ता किंवा शाळेची खोली कुणाच्या शब्दावर अडली आहे हे शोधायचे असेल, तर मंत्र्यांच्या यादीआधी ही यादी वाचा.