आधी क्लास बघा, मग नाव घाला!

मैत्रिणींनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की कोपऱ्यावरच्या भिंतीवर नव्या जाहिराती दिसायला लागतात. पोहणं, सुंदर हस्ताक्षर, झटपट गणित आणि त्यांच्या शेजारीच हवेत लाथ उगारलेल्या मुलीचं चित्र! ‘मुलींसाठी स्वसंरक्षण. दहा दिवसांत निर्भय व्हा!’ आई म्हणते, “यंदा या क्लासला जाच. दिवस काही बरे नाहीत.” बाबा फी किती ते बघतात. आजी म्हणते, “पोरीच्या जातीला कशाला गं ही हाणामारी?” आणि तुमच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘शेजारची मैत्रीण येतेय का?’

चपलांचा जोड घ्यायचा झाला, तरी आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. मग स्वतःला कसं सांभाळायचं हे ज्या क्लासात शिकायचं, तो न बघताच नाव कसं घालायचं? चला तर, असा क्लास कसा पारखायचा ते आज बघू या. मुलग्यांनो, पान उलटू नका हं! यातलं बरंचसं तुमच्याही कामाचं आहे.

खेळ शिकायचाय, की सुटका?

पाटीवर ‘कराटे’, ‘ज्युदो’, ‘तायक्वांदो’ असं लिहिलेलं असतं. तिन्ही छान आहेत, पण तिन्ही वेगळे आहेत. कराटेचं मूळ ओकिनावा बेटावरचं. त्यात ठोसे, लाथा आणि वार अडवणं यांवर भर असतो. तायक्वांदो कोरियाचा, आणि त्यात पायांचं काम जास्त. ज्युदो जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली सुरू केला. त्यात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याचा तोल घालवून त्याला पाडायचं आणि धरून ठेवायचं. आपल्या कोल्हापूरचे मर्दानी खेळही आहेतच. लाठी, दांडपट्टा फिरवून अंगात चपळाई आणि मनात धीटपणा येतो.

ज्युदोवरून एक गोष्ट आठवली. केइको फुकुदा नावाच्या बाई जेमतेम पाच फुटांच्या आतल्या. कानो यांच्या हाताखाली त्या ज्युदो शिकल्या. त्या काळी बायकांना पाचव्या ‘डॅन’च्या पुढे बढतीच मिळत नसे. पण बाई शिकवत राहिल्या. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ज्युदोला पदकांच्या यादीत जागा मिळाली, आणि २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने फुकुदाबाईंना दहावा डॅन दिला! तेव्हा ‘मी बारीक आहे, मला कसं जमणार?’ हा विचार आधी डोक्यातून काढून टाका.

पण एक फरक नीट समजून घ्या. खेळात नियम असतात, पंच असतो, दोघींचं वजन सारखं असतं आणि शिट्टी झाली की थांबायचं असतं. बसच्या गर्दीत किंवा जिन्यात पंच नसतो. तिथे गुण मिळवायचे नसतात, तिथून निसटायचं असतं. म्हणून क्लासात पहिला प्रश्न हाच विचारा, “इथे स्पर्धेची तयारी करून घेता, की संकटातून सुटायला शिकवता?” दोन्ही शिकवत असतील तर उत्तमच. पण पट्ट्याचा रंग बदलला म्हणजे सुटका करून घेता येतेच, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

हातापायांच्या आधी काय?

आता गंमत ऐका. स्वसंरक्षणाचा मोठा भाग हात उचलायच्या आधीच असतो. काही तरी खटकतंय हे ओळखणं, दोन पावलं मागे सरकून अंतर ठेवणं, स्पष्ट “नाही” म्हणणं, ओरडणं, पळणं आणि नंतर कुणाला तरी सांगणं. हे सगळं शिकावं लागतं, आणि त्याचा सरावही करावा लागतो.

‘ओरडायला काय शिकायचं?’ असं वाटतं ना? मग आत्ता एकदा पोटातून, मोठ्यांदा “थांब!” म्हणून बघा. आवाज घशातच अडकला? साहजिक आहे. ‘हळू बोल, मुलीच्या जातीने एवढ्या मोठ्यांदा बोलू नये’ हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यातून घाबरलं की श्वास वर अडकतो. चांगल्या क्लासात पहिल्याच दिवशी सगळ्या जणींना ओरडायला लावतात. आधी खी-खी हसू येतं, मग हळूहळू आवाज मोकळा होतो. मदत मागायची तीही कशी, ते शिकवतात. नुसतं “वाचवा” म्हटलं तर गर्दीत प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणी तरी जाईल. त्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून म्हणायचं, “ओ निळ्या शर्टातले काका, इकडे या!” मग त्या काकांना यावंच लागतं.

हातापायांचे डावही साधे हवेत. समजा, कुणी मनगट धरलं. त्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. पकड सगळ्यांत कच्ची कुठे? जिथे बोटं आणि अंगठा भेटतात, त्या फटीपाशी. मनगट त्या फटीकडे फिरवून झटक्यात ओढलं तर सुटायची संधी मिळते. सरळ मागे ओढत बसलात, तर चारही बोटांशी झुंजावं लागतं. तसंच सराव नसताना मुठीने ठोसा मारला, तर आपलंच मनगट मुरगळू शकतं. म्हणून तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग वापरायला शिकवतात. असे चार-पाच डाव पुन्हा पुन्हा घोटून घेणारा क्लास चांगला. रोज नवा, सिनेमातल्यासारखा डाव दाखवणाऱ्या क्लासात टाळ्या पडतात, पण ऐन वेळी त्यातलं एकही आठवत नाही.

आणखी एक. घाबरल्यावर कधी कधी हातपाय हलतच नाहीत, शब्द फुटत नाही. हा भित्रेपणा नाही. शरीरच असं वागतं. हे जे शिक्षक समजावून सांगतात, त्यांना खरंच विषय कळलेला असतो.

तो काळोखातला माणूस

बऱ्याच क्लासांत एकच प्रसंग शिकवतात. काळोखी गल्ली, अनोळखी माणूस, मागून झडप. असं घडतंही. पण आपल्या देशात पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी त्या मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो, हे वर्षानुवर्षं दिसत आलंय. शेजारी, नातेवाईक, कुणाचा मित्र, शिकवणारा. अनोळखी माणसावर ओरडणं एक वेळ सोपं, पण घरी येणाऱ्या काकांना “माझ्या खांद्यावरचा हात काढा” म्हणणं किती अवघड! त्यांना राग येईल, आई काय म्हणेल, मलाच उद्धट म्हणतील, असे शंभर विचार मनात येतात. म्हणून विचारा, “ओळखीच्या माणसाने त्रास दिला तर काय करायचं, हे शिकवता का?” यावर शिक्षक गप्प झाले, तर त्यांचा अभ्यासक्रम अर्धाच आहे असं समजा.

याचा उपयोग होतो का? कॅनडामध्ये याची नीट परीक्षा घेतली गेली. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींचे दोन गट केले. एका गटाला नुसती माहितीपत्रकं दिली. दुसऱ्या गटाला तीन-तीन तासांचे चार वर्ग दिले. त्यांत धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणं, स्वतःला काय हवं-नको ते कळणं आणि हातापायांचा सराव, असं सगळं होतं. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षभरात पत्रकं मिळालेल्या गटात शंभरात सुमारे दहा मुलींवर बलात्कार झाला होता. वर्ग केलेल्या गटात हे प्रमाण शंभरात सुमारे पाच होतं. म्हणजे जवळजवळ निम्मं. शून्य नाही, हेही ध्यानात घ्या. म्हणून ‘शंभर टक्के सुरक्षित व्हाल’ असं वचन देणाऱ्या जाहिरातीला लांबूनच नमस्कार करा.

बघायला जाल तेव्हा

नाव घालण्याआधी आईला किंवा ताईला घेऊन एक अख्खा तास बसून बघा. “बघायला परवानगी नाही” असं उत्तर आलं, तर तिथूनच परत फिरा. काय काय बघायचं?

१. जागा कशी आहे? पडायचा सराव असेल तर खाली गादी किंवा मॅट हवी. नुसत्या फरशीवर पाडापाडी नको. प्रथमोपचाराची पेटी आहे ना?

२. एका शिक्षकामागे किती मुली आहेत? मागच्या रांगेतल्या मुलीची चूक कुणी सुधारतंय का?

३. हात धरून दाखवायचा असेल, तर शिक्षक आधी विचारतात का? “तुझा हात धरून दाखवू का?” एवढं साधं वाक्य! नाही म्हणायला शिकवणाऱ्या क्लासात मुलीचं ‘नाही’ ऐकलं जातं का, हे नक्की बघा.

४. कुणाला जमलं नाही, तर हसतात की समजावतात? “काय गं, मुलीसारखी मारतेस!” असं ऐकू आलं, तर विचार करा.

५. कपड्यांवरून, उशिरा घरी येण्यावरून मुलींनाच बोल लावतात का? त्रास देणाराच दोषी असतो. ज्या क्लासात हे ठाऊक नाही, तिथे लाथा कितीही उंच जात असोत, उपयोग नाही.

६. शिकवणाऱ्या मॅडम आहेत का? सर असतील तरी हरकत नाही, पण वर्गात दुसरी मोठी बाई हजर असावी.

मग शिक्षकांना विचारा. “तुम्ही कुठे शिकलात? ब्लॅक बेल्ट कोणत्या संस्थेचा? मुलींना किती वर्षं शिकवताय?” चांगल्या शिक्षकांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. फीबद्दलही आधीच बोला. ड्रेस, पट्ट्याची परीक्षा, शिबिर यांचे पैसे वेगळे असतात का? नाही तर पाचशेचा क्लास पाच हजारांवर जायचा! एक-दोन दिवसांची कार्यशाळा असेल तर जरूर करा, सुरुवात म्हणून ती छान. पण सराव सुटला की डाव विसरतात, पाढ्यांसारखेच. आणि हो, तुमच्या शाळेत शासनाच्या योजनेतून मुलींसाठी आत्मरक्षेचे वर्ग होतात का, हेही बाईंना विचारा. तिथे फीचा प्रश्नच येत नाही.

“मी मारलं, तर पोलीस मलाच धरतील का?”

हा प्रश्न हमखास येतो. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं शरीर वाचवण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो सांगितला आहे. मात्र बचावाला लागेल तेवढाच जोर वापरायचा. तो पळून गेल्यावर मागे धावून बडवणं हा बचाव नव्हे. चांगले शिक्षकही हेच शिकवतात, ‘सुटलीस की धूम ठोक!’

क्लासातच काही खटकलं तर?

सरांनी एकटीलाच थांबायला सांगितलं, सरावाच्या नावाखाली नको तसा हात लावला, रात्री मेसेज पाठवले, “घरी सांगू नकोस” म्हणाले, तर तो क्लास तिथेच संपला. त्यांनी कितीही पदकं मिळवलेली असोत. लगेच घरी सांगा. घरच्यांनी मनावर घेतलं नाही, तर मावशीला सांगा, बाईंना सांगा, कुणी तरी ऐकेपर्यंत सांगत राहा. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. तिथे दिवसरात्र, फुकट फोन लावता येतो. तातडीची मदत हवी असेल तर ११२.

आणि आता आई-बाबांशी दोन शब्द. मुलगी “मला त्या क्लासला जायचं नाही” म्हणाली, तर “फी भरलीय ना!” हे पहिलं वाक्य तोंडातून काढू नका. ‘का गं?’ असं विचारा आणि मग ऐका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लासच्या किंवा घराच्या नावासाठी ते दडवायचं नसतं. शिवाय घरी पाहुण्यांना पापी द्यायला मुलीने नकार दिला, तर तिला रागावू नका. क्लासात शिकलेलं “नाही” ती पहिल्यांदा घरातच वापरून बघणार. तिथे ते चाललं, तरच बाहेर चालेल.

मग काय मैत्रिणींनो, वहीच्या मागच्या पानावर हे प्रश्न उतरवून घ्या. गावात दोन-तीन क्लास असतील तर सगळे बघा. एकही नसेल, तर शाळेतल्या बाईंना आणि पीटीच्या सरांना सांगून वर्ग सुरू करायचा हट्ट धरा. पाच-सहा जणी मिळून गेलात, तर कुणाला टाळता येणार नाही. आणि क्लास सुरू व्हायची वाट कशाला बघायची? ते “थांब!” आजच घोटायला घ्या. शेजाऱ्यांनी “काय झालं?” म्हणून दार ठोठावलं, तर समजा, आवाज जमायला लागलाय!