डोळ्याच्या नसेतील कॅल्शियमचे कण : निदान व निगराणी

डोकेदुखीसाठी किंवा चष्म्याचा नंबर काढण्यासाठी आलेल्या शाळकरी मुलाचा पडदा तपासताना कधी कधी नेत्रमज्जातंतूचे, म्हणजे बोलीभाषेत डोळ्याच्या नसेचे, तोंड फुगीर व अस्पष्ट कडांचे आढळते. हे मेंदूतील दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. तसे सांगताच आईवडिलांच्या मनात गाठीची धास्ती उभी राहते. पुढे एम.आर.आय. होतो, प्रसंगी पाठीच्या मणक्यातून पाणीही काढले जाते.

यांतील काही मुलांत ती खरी सूज नसते. नसेच्या तोंडाशी कॅल्शियमयुक्त कण साठलेले असतात. त्यांना ‘ड्रूसेन’ म्हणतात. शंभरांत साधारण एक-दोन व्यक्तींत, बहुधा दोन्ही डोळ्यांत, ते असतात. बालवयात ते खोल गाडलेले असल्याने फसगत होते. पुढे ते पृष्ठभागाशी येऊन पिवळसर चकाकतात. ही प्रवृत्ती कुटुंबात आढळत असल्याने आम्ही भावंडांचेही डोळे पाहतो.

निदानासाठी बी-स्कॅन सोनोग्राफी फार उपयोगी पडते. मिटलेल्या पापणीवर जेल लावून काही मिनिटांत ती होते. यंत्राची संवेदनक्षमता उतरवत नेली, की आजूबाजूचे चित्र विझते, कण मात्र चमकत राहतात. अगदी लहान मुलांत कॅल्शियम पुरेसे साठलेले नसल्यास ते निसटतात. अशा वेळी खोलवरचे ओ.सी.टी. चित्रण साहाय्यास येते. मात्र उलट्या, एकाच्या दोन वस्तू दिसणे अशी लक्षणे असल्यास कण सापडूनही मेंदूची तपासणी आम्ही टाळत नाही, कारण दोन्ही विकार एकत्र असू शकतात. टळलेल्या तपासण्यांची नोंद अहवालाच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही, म्हणून देणगीदारांसाठी हा मुद्दा येथे मांडला.

हे कण विरघळविणारे औषध वा शस्त्रक्रिया आज उपलब्ध नाही. तरीही ‘काही नाही, घरी जा’ असे म्हणणे आम्हांस पटत नाही. समोरची नजर बहुधा शाबूत राहते. बाजूचे दृष्टिक्षेत्र मात्र नकळत आक्रसत जाते. त्यासाठी ठरावीक काळाने दृष्टिक्षेत्राची चाचणी व डोळ्याचा दाब पाहणे आवश्यक असते. दाब अधिक असल्यास थेंब दिले जातात. क्वचित नसेचा रक्तपुरवठा अचानक खंडित होतो किंवा तिच्या कडेला नाजूक रक्तवाहिन्या वाढून रक्तस्राव होतो. या वाहिन्यांवर डोळ्यातील इंजेक्शनाने उपचार करता येतात. म्हणून नजर एकाएकी अंधुक झाल्यास त्याच दिवशी यावे.

नसेचे छायाचित्र व सोनोग्राफीचा अहवाल पालकांनी कायम जपून ठेवावा. पुढे दुसऱ्या गावी नव्या डॉक्टरांना हीच नस पुन्हा सुजलेली भासेल, तेव्हा तो कागद प्रथम दाखवावा.