माळा सगळ्यात शेवटी!

दिवाळीची आवराआवर म्हटलं की आपली शिडी आधी माळ्याला लागते. माझं ठाम मत उलट आहे. माळ्यावर आजीचा पाटा, मुलांच्या पहिलीतल्या वह्या. एकेक वस्तू हातात घेऊन गप्पा रंगतात आणि संध्याकाळी सगळं पुन्हा वर!

जपानच्या आवराआवर-तज्ज्ञ मारी कोंडो यांचा क्रम मला पटतो: कपडे, पुस्तकं, कागद, किरकोळ सामान आणि आठवणींच्या वस्तू शेवटी. खोलीनुसार नाही, प्रकारानुसार. घरभरचे कपडे एकाच ढिगात आणा, म्हणजे एकसारखे किती शर्ट साठलेत ते दिसतं. मऊ सुती साड्या गोधडीला, बाकीचे बोहारणीला. (बदल्यात आणखी एक पातेलं घेतलंत तर काय साधलं?)

कागदांत टाकून दिलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्डसुद्धा सापडतं. ते रद्दीत. वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये असला तरी चालतो, पण घराचं खरेदीखत मूळच जपा.

जुने चार्जर, मोबाइल, वायरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. हा ई-कचरा, तो अधिकृत संकलन केंद्रातच द्यायचा. मोबाइल देण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्या, सिमकार्ड काढा आणि डेटा पुसा.